पेटी

"आई, पेटी घेतोय," असं मी फोनवर बोलून गेलो आणि तिथूनच घोळ सुरू झाला.

मिरजेत सकाळचे साडेसात, इकडे न्यू जर्सीत रात्रीचे दहा. पलीकडे कुकर शिट्टीच्या बेतात आल्याचा सूं सूं आवाज येत होता.

"आत्ता? पन्नाशीत?" आई म्हणाली. "शाळेत होतास तेव्हा बाईंकडे पाठवत होते, तर बॅट घेऊन पळत होतास. असू दे, उशिरा का होईना. पण तिकडची घेऊ नकोस. मी सतारमेकर गल्लीत विचारते. फोल्डिंगची मिळते की, विमानात आणता येते."

"ती पेटी नव्हे गं. गाण्यांची पेटी. सगळ्या सीडी एकदा तिच्या पोटात घातल्या की झालं. मग फोनवर बोट लावायचं, हवं ते गाणं सुरू."

"आणि भाता कोण मारणार?"

"भाता नसतोच तिला."

"मग तिला पेटी कशाला म्हणायचं?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. "केवढ्याला?"

"अडीच हजार." डॉलर हा शब्द मी गिळला.

"अडीच हजारात कसली पेटी येतेय! सूर बसकेच असणार. नीट बघून घे हो."

मुंबईत लाख रुपयांना पेटी म्हणतात. त्या हिशेबानं ही पेटी दोन पेट्यांची होती, आणि नीट बघून घेण्याचं काम तर मी गेले आठ महिने दुसरं काही न करता करत होतो.

ज्यांना ह्या व्याधीची लागण झालेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पूर्वी गाणं ऐकायला एक यंत्र लागायचं. मग प्रगती झाली. आता सीडीवरची गाणी उतरवून घ्यायला कॉम्प्युटर, ती साठवायला डिस्क, शोधायला सॉफ्टवेअर, आकड्यांचा पुन्हा आवाज करायला डॅक, तो आवाज मोठा करायला अँप्लिफायर, आणि ही मंडळी एकमेकांशी बोलतात की नाही हे बघायला रात्री अकरानंतर टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरलेला एक मराठी माणूस, एवढा लवाजमा लागतो. आमच्या बैठकीच्या खोलीत असे सात डबे होते आणि सात डब्यांचे आठ रिमोट. आठवा कशाचा, ते अजून कळलेलं नाही.

बायको एका औषध कंपनीत डेटाबेस सांभाळते. घरात नवीन काही आलं की जुनं काय जाणार, हे ती आधी विचारते. तिनं सौदा ठरवला : "एक डबा आत, सात बाहेर. आणि तळघरातल्या सीडीसुद्धा." सीडी सातशेच्या आसपास. आकाराचा प्रश्न नव्हता. एका सीडीत फार तर साडेआठशे मेगाबाइट. फ्लॅक नावाच्या फाइलीत घडी घातली की साधारण निम्मे, आणि आवाजातला एक कणही न सांडता. म्हणजे माझं तीस वर्षांचं सगळं संगीत दोन टेराबाइटच्या डिस्कच्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसणार होतं. तीस वर्षं खोकी वाहिलेल्या माणसाला हे ऐकून आनंद व्हायला हवा. मला उगाच अपमान झाल्यासारखं वाटलं.

तर ह्या सगळ्यावर उतारा म्हणून कंपन्यांनी 'ऑल-इन-वन' काढलं. आता 'ऑल' म्हणजे काय, ह्यावर कुठल्याही दोन कंपन्यांचं एकमत नाही. इंग्लंडच्या नेमची युनिटी कोअर सीडी मोठ्या शिस्तीत उतरवून घेते, पण साठवायची डिस्क आपण आणून बसवायची आणि डॅकही वेगळा. कॅनडाच्या ब्लूसाउंडच्या व्हॉल्टमध्ये डिस्क आहे, डॅक आहे, अँप्लिफायर नाही. न्यूयॉर्कच्या रूनच्या न्यूक्लियसला मेंदू आहे, पण सीडी घालायला तोंड नाही. शिवाय पोर्तुगालची इन्युओस आहे, कोरियाची ऑरेंडर आहे. 'येथे सर्व काही मिळेल' अशी पाटी वाचून हॉटेलात शिरावं, मिसळ मागावी, आणि पोऱ्यानं "मिसळ सोडून बोला" म्हणावं, तसं प्रत्येक ठिकाणी होत होतं.

आणि समजा, घेतली. टिकेल किती? कॅलिफोर्नियात स्क्वीझबॉक्स नावाचा एक गुणी डबा जन्माला आला होता. लॉजिटेकनं त्याची कंपनी २००६ साली विकत घेतली आणि २०१२ साली तो डबा बंद केला. त्याचं सॉफ्टवेअर खुलं होतं म्हणून भक्तमंडळींनी ते आजतागायत चालतं ठेवलंय, गावातलं जुनं देऊळ वर्गणीवर चालावं तसं. मिरजेत ऐंशी वर्षांचा तंबोरा तारा बदलून पुन्हा मैफलीला जातो. त्याला कधी फर्मवेअर अपडेट मागताना मी पाहिलेलं नाही.

खरं तर मला लाज वाटायला हवी, कारण जगातलं पहिलं ऑल-इन-वन आमच्याच गावात झालं. आमच्या गावाचं नाव एडिसन. १९५४ पर्यंत ह्याला रॅरिटन टाउनशिप म्हणत. ह्याच गावातल्या मेन्लो पार्कमध्ये थॉमस एडिसननं १८७७ साली फोनोग्राफ केला. आता तिथं डोक्यावर भलामोठा दिवा घेतलेला एक मनोरा उभा आहे. ओक ट्री रोडवरून भेंडी आणि श्रीखंड घेऊन परतताना मी कधीकधी तिकडून गाडी काढतो. त्या यंत्रात कथलाचा पातळ वर्ख गुंडाळलेलं एक नळकांडं होतं. त्याच्यासमोर बोलायचं, हँडल फिरवायचं, आणि त्यातूनच परत ऐकायचं. रेकॉर्डिंग तेच, प्लेबॅक तेच, डिस्क तीच. दोन-चारदा वाजवलं की वर्ख चेपून आवाज पुसला जायचा, म्हणजे बॅकअपची अडचणही तिथूनच सुरू झाली.

त्याहून आवडणारी गोष्ट म्हणजे हा माणूस बराचसा बहिरा होता. आवाज नीट कळावा म्हणून तो फोनोग्राफच्या लाकडाला दात लावून ऐकत असे. आवाजाच्या शुद्धतेवर तासन्‌तास बोलणारी पुष्कळ मंडळी मला भेटली, पण त्यासाठी टेबल चावायची तयारी एकाचीही नव्हती. पुढं त्याच्या कंपनीनं १९१५ पासून अमेरिकाभर प्रयोग लावले. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. मध्येच अंधार करायचा आणि गातंय कोण ते प्रेक्षकांनी ओळखायचं. लोक फसायचे. त्यातल्या ॲना केस नावाच्या गायिकेनं म्हातारपणी सांगून टाकलं की तिनं आपला आवाजच यंत्रासारखा बारीक केला होता. आमच्याकडेही हल्ली कारखान्यातून आल्यासारखे गाणारे असतात, पण ते दिवे लावून.

आमच्या मंडळात एक गृहस्थ आहेत. सगळी पोरं त्यांना हाय-फाय काका म्हणतात, आणि आता आम्हीही. त्यांच्या घरी स्पीकरच्या जाडजूड वायरी जमिनीला टेकू नयेत म्हणून छोट्या लाकडी पाटांवर बसवलेल्या आहेत, मुंजीतल्या बटूसारख्या. मी पेटी घेणार म्हटल्यावर काका माझ्याकडे, मी गाणंच सोडतोय अशा नजरेनं बघू लागले.

"अहो, डिजिटलमध्ये आवाजाचे तुकडे करतात," काका म्हणाले. "सेकंदाला चव्वेचाळीस हजार एकशे तुकडे. मींड कशी राहील त्यात? अखंड सूर आणि तुकड्यांचा सूर, फरक नाही का?"

मला एकदम आई आठवली. हा वाद आपल्याकडे कधीच घालून झालेला आहे, फक्त तो सीडीवरून नव्हता. तो पेटीवरून होता. पेटी म्हणजे ठरलेल्या पट्ट्या, ठरलेले सूर. दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नाही. मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून १९४० साली आकाशवाणीनं पेटीला चक्क बंदी केली. ते बंधन १९७१च्या सुमारास सैल झालं. मधली तीस वर्षं रेडिओवर पेटी अस्पृश्य होती आणि बाहेर अवघा महाराष्ट्र भजनात, कीर्तनात, घराघरांत भाता मारत बसला होता. भास्करबुवा बखल्यांच्या साथीला गोविंदराव टेंबे पेटीवर बसत, तेव्हा ऐकणाऱ्यांना दोन पट्ट्यांमधलं अंतर दिसत नसे म्हणतात. म्हणजे पेटी हे आपलं पहिलं डिजिटल वाद्य. माझी आई भजनी मंडळात चाळीस वर्षं डिजिटल वाजवतेय आणि तिला कुणी सांगितलेलं नाही.

काकांना मी हे ऐकवलं. शिवाय सीडीचे ते तुकडे तुकडे म्हणून कानावर येतच नाहीत, डॅक त्यांची पुन्हा अखंड लाट करतो आणि माणसाच्या कानाला ऐकू येतं तेवढं सगळं त्यात बसतं, हेही सांगितलं. काका म्हणाले, "म्हणूनच मी एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झच्या फाइली घेतो."

आता हिशेब बघा. एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झच्या फाइलीत शहाण्णव किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. तरण्या माणसाला वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. काका एकाहत्तरचे, त्यांना दारावरची बेल ऐकू आली तरी आम्ही देवाचे आभार मानतो. कुत्र्याला साधारण पंचेचाळीसपर्यंत ऐकू येतं. म्हणजे ह्या फाइलींचा खरा गिऱ्हाईक 'हिज मास्टर्स व्हॉइस'चा तो निपर. त्याचं चित्र आजही आमच्याच राज्यात, कॅम्डेनला, व्हिक्टर कंपनीच्या जुन्या मनोऱ्यावर रंगीत काचेत बसलेलं आहे. पंचेचाळीसच्या वरचं सगळं वटवाघळांसाठी.

उलट, एका काळ्या तबकडीवर, तीन-साडेतीन मिनिटांच्या खरखरीत, अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी गदगच्या एका अकरा वर्षांच्या पोरानं ऐकली आणि तो गुरू शोधायला घरातून पळाला. भीमसेन जोशींनी पळण्यापूर्वी दुकानदाराला नमुने किती म्हणून विचारलं नव्हतं. हे बोलल्यावर काका म्हणाले, "ॲनालॉग होती ना ती!" वाद इथं संपला असं समजायचं.

मग मी उत्तर जर्सीतल्या एका दुकानात गेलो. ह्या दुकानांत असंच आत शिरता येत नाही, दाताच्या डॉक्टरासारखी वेळ घ्यावी लागते. खोलीभर गालिचा, भिंतींना फोमच्या लाद्या, मध्यभागी एकच खुर्ची. विकणारा गोरा गृहस्थ साठीचा, अतिशय सभ्य. त्यानं आधी गिटार वाजवली, मग एका बाईचं जॅझ. बाई माझ्यापासून चार फुटांवर उभी राहून गात होती, आणि तिनं ओठ ओले केलेलेही ऐकू आले. मला जरा संकोच वाटला.

"माझं काही लावू का?" म्हणून मी पेन ड्राइव्ह दिला. त्यात मल्लिकार्जुन मन्सुरांच्या एका मैफलीचं रेकॉर्डिंग होतं. तंबोरे सुरू झाले. मी डोळे मिटले. वीसेक सेकंदांत आवाज बंद.

"माफ करा," गृहस्थ म्हणाला, "हम येतोय." आणि गुडघ्यावर बसून त्यानं यंत्राच्या मागं हात घातला. अमेरिकेतल्या विजेचा गुणगुणाट साठ हर्ट्झचा असतो. अर्थिंगमध्ये कुठं गडबड असली की तो स्पीकरमधून यायला लागतो. त्यानं एक वायर बदलली, दुसरा प्लग काढला, पुन्हा लावलं. पुन्हा तोच आवाज. त्याचा चेहरा उतरला. पंचवीस हजार डॉलरची खोली, आणि गिऱ्हाइकासमोर हम!

"तो हम नाही," मी म्हटलं. "तंबोरा आहे."

"असं!" तो परत उभा राहिला. गुडघे झटकले. "मग हा थांबतो कधी?"

"थांबत नाही. तो थांबला की गाणं संपलं."

तो खुर्चीच्या मागं हाताची घडी घालून उभा राहिला. मन्सुरांनी घसा साफ केला, पहिला सूर लावला, कुणीतरी "वा" म्हणालं. तीन मिनिटांनी त्यानं अदबीनं विचारलं, "आणि गाणं केव्हा सुरू होईल?"

"चाललंय ते."

माणूस चांगला. दुकान बंद करायची वेळ टळून गेली तरी त्यानं बंद केलं नाही. शेवटी म्हणाला, "ह्यांचा ठेका कुठं आहे ते मला कळत नाही, पण तुमच्या पायाला कळतंय." आणि तीस दिवस वापरून बघा म्हणून एक पेटी माझ्या गाडीत ठेवली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढं जे झालं त्यात तिचा एकटीचा दोष नव्हता.

पहिली सीडी भीमसेनांची तोडी. दोनच ट्रॅक : एक पाऊण तासाचा ख्याल आणि एक भजन. पेटीनं सीडी गिळली, जरा वेळ पोटात गुरगुरली, आणि फोनवर मुखपृष्ठ उमटलं. निळा समुद्र. उडी मारणारे दोन डॉल्फिन. शीर्षक : गाढ झोपेसाठी सागरलाटा.

हे असं का होतं, ते कळल्यावर मला पेटीची दयाच आली. सीडीवर गायकाचं नाव सहसा लिहिलेलंच नसतं. त्यात नुसते ट्रॅक असतात. मग पेटी काय करते, तर ट्रॅक किती आणि कुठला कुठं सुरू होतो ते मोजते आणि इंटरनेटवरच्या मोठ्या चोपडीत तशाच मापाची सीडी शोधते. शिंप्यानं मापावरून माणूस ओळखावा तसं. बारा-चौदा गाण्यांची सीडी असली की मापं जुळून येणं कठीण. पण आमच्याकडे पाऊण तासाचा एक आणि दहा मिनिटांचा एक. अशा अंगकाठीची जगात आणखी कोण, तर समुद्राच्या लाटा. बायको म्हणाली, "राहू दे तसंच. विलंबितात झोप लागतेच तुला."

जिथं माप जुळलं तिथं तर आणखी बहार. चोपडीत नावं भरणारे हौशी लोक. ज्याला जसं सुचलं तसं त्यानं लिहिलेलं. भीमसेन बीखाली निघाले, पंडित लावून पीखाली निघाले, जोशी म्हणून जेखाली निघाले. शिवाय एक डबल ईवाले भीमसेन आणि एक भारतरत्न भीमसेन. पेटीच्या मते आमच्याकडे सहा भीमसेन होते, त्यातल्या तिघांनी फक्त एकेक गाणं म्हटलेलं. सीडीच्या खोक्यात मात्र ते तीस वर्षं एकटेच बसले होते.

गंधर्वांचं ऐका. बालगंधर्व, सवाई गंधर्व, कुमार गंधर्व. एक नारायणराव राजहंस, एक रामभाऊ कुंदगोळकर, एक शिवपुत्र कोमकली. पेटीनं गंधर्व हे आडनाव धरलं आणि तिघांना एका घरात नांदायला घातलं. वर शिफारस केली : हे कुटुंब आवडत असेल तर बी जीज ऐकून पाहा.

आणि हे सगळे, लाटा सोडून, कुठल्या खान्यात? 'वर्ल्ड'. अमेरिकेतल्या गाण्याला खाने शंभर : रॉक, कंट्री, ब्लूज, ब्लूग्रास. उरलेल्या पृथ्वीला एक. ख्याल, भारूड, आफ्रिकेतले ढोल, मंगोलियातलं घशातलं गाणं, सगळं वर्ल्ड. अमेरिका ह्या वर्ल्डमध्ये नसते, ती बाहेर उभी राहून खाने करते.

एका शनिवारी बायको माझ्या शेजारी येऊन बसली, चष्मा वर केला आणि धंद्यातल्या माणसाच्या आवाजात म्हणाली, "तुमच्या ह्या गाण्याला काळी एक आहे, पांढरी चार आहे, पण प्रायमरी की नाही." मग तिनं कागदावर रकाने आखले : राग, प्रहर, घराणं, साथीला कोण, मैफल कुठली. पेटीकडं ह्यातलं काही मागायची सोय नव्हती. तिला तीनच प्रश्न येत होते : कलाकार कोण, अल्बम कुठला, गाण्याचं नाव काय. संगीतकार म्हणून एक रकाना होता. तिथं मी सदारंग भरलं, तर पेटीनं सदारंगांचा फोटो शोधायला घेतला. माणूस अठराव्या शतकातला, मोहम्मदशहा रंगिल्याच्या दरबारातला. ती अजून शोधतेय. शेवटी बायकोनं राग 'जॉनर'च्या खान्यात कोंबले आणि प्रहर 'कॉमेंट'मध्ये. सहा भीमसेनांचा एक करायला तिला दोन रात्री लागल्या. मी चहा करून देत होतो.

बिचाऱ्या पेटीला तरी का बोल लावायचा? १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे, आणि सोबत वाजवायला सुई आणि कार्ट्रिज, कसं वाजवायचं त्याची चित्रं कोरलेलं झाकण. परग्रहावर कुणी भेटलं तर त्याची गैरसोय नको. याला म्हणतात ऑल-इन-वन. त्या तबकडीवर आपल्या केरीच्या, गोव्याच्या केसरबाई केरकर आहेत, साडेतीन मिनिटं. नासाच्या यादीत ह्या गाण्यापुढं देश लिहिलाय, भारत. बाईंचं नाव लिहिलंय, अगदी सुरश्री पदवीसकट. आणि सोबत लिहिलंय, राग. कुठला राग? नुसता राग! ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलेली वस्तू, अब्जावधी मैलांचा हिशेब सेकंदानंही चुकू न देणारी माणसं, आणि रागाच्या रकान्यात राग.

तो राग भैरवी. आता भैरवी म्हटली की मला आमच्या घरचा फराळ आठवतो.

दिवाळीच्या शनिवारी वीस-बावीस माणसं आली होती. त्यात मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले पाच-सहा आजी-आजोबा. माझ्या मुलीनं हौसेनं पेटी सुरू केली, तीही शफलवर. चकल्या फिरत होत्या, चिवड्यात शेंगदाणे जास्त की खोबरं ह्यावर रंगलं होतं, आणि पेटीनं आरंभालाच भैरवी काढली. संध्याकाळचे सव्वासात. मला काही वाटलं नाही, मी प्लेट घेऊन उभा. पाहतो तर सोफ्यावरचे एक आजोबा, पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवात वर्षानुवर्षं जमिनीवर बसलेले, गुडघ्यावर हात ठेवून उठले. मागोमाग दुसरे. आजींनी पर्स उचलली. पाच मिनिटांत दाराशी बुटांचा ढीग उपसणं सुरू झालं.

"अहो काका, जेवण व्हायचंय!" बायको धावली.

"अं? हो की," आजोबा एका पायात बूट घालून थबकले. "पण भैरवी झाली ना?"

त्या बिचाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. भैरवी झाली की मैफल संपते, माणूस उठतो, ह्यात विचार करण्यासारखं काही नसतं. तेव्हापासून मी व्हॉयेजरची काळजी करतो. कोट्यवधी मैलांवर कुणी ती तबकडी लावलीच, आणि ते थोडंफार गाण्यातलं असेल, तर काय ऐकणार? भैरवी. म्हणजे पृथ्वीवरचा कार्यक्रम आटोपला, चला.

तीस दिवस संपत आले. पेटी ठेवायची की परत करायची ह्यासाठी मी एक्सेलचा तक्ता केला होता. त्यात तेवीस निकष होते. आणि त्यातल्या एकाही निकषावर काही ठरलं नाही. ठरलं ते एका भोकावर.

तळघरातल्या सीडी उपसताना मागं एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत बाबांच्या अकरा कॅसेट. लहानपणी आमच्याकडे टू-इन-वन होता. मस्कतच्या मामानं आणलेला, रेडिओ आणि टेप एकत्र. पहिल्याच पावसाळ्यात त्याचा रेडिओ गेला, म्हणजे तो वन-इन-वन झाला. पण बाबा हार मानणारे नव्हते. सकाळी सांगली केंद्रावर शास्त्रीय लागलं की ते जुन्या मर्फी रेडिओसमोर टू-इन-वन ठेवत, त्याच्याच माइकवर टेप करत, आणि ओठांवर बोट ठेवून घरभर फिरत. घर काही गप्प बसायचं नाही.

ह्या कॅसेट आत घ्यायच्या तर पेटीला कॅसेट डेकची वायर लावायला भोक हवं. लाइन-इन. बहुतेक पेट्यांना ते नसतंच. डिजिटल जगात बाहेरचा कच्चा आवाज कशाला कोण घेईल? मी ती पेटी परत केली. गृहस्थानं मागच्या कपाटातून एक जुनं मॉडेल काढलं, दिसायला ओबडधोबड, स्वस्त, मागं ते भोक असलेलं. आठ महिने आणि तेवीस निकष. पेटी घेतली ती अष्टमांश इंचाच्या एका भोकासाठी. कॅसेट डेकही त्यामुळं घरात राहिला. सात डबे बाहेर जायच्या ऐवजी सहाच गेले. बायकोनं ते तक्त्यात लाल रंगात नोंदवून ठेवलंय.

पहिली कॅसेट लावली. खरखर, मग तंबोरा. निवेदन नाही, बाबांनी बटण दाबेपर्यंत ते होऊन गेलं असणार. सूर लागला तो थेट मध्यातून. भारदस्त, जुन्या वळणाचा पुरुषी आवाज. मला ओळखेना. कव्हरवर बाबांच्या अक्षरात फक्त 'सकाळ, चांगलं आहे' इतकंच.

"कलाकार?" बायकोनं विचारलं. ती की-बोर्ड घेऊन बसली होती.

"आईला विचारू."

रात्रीचे दहा वाजले होते. फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि पेटीजवळ धरला. "आई, कोण गातंय सांग."

ती ऐकत राहिली. "तोडी आहे," म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. "हा आवाज... अरे, हे तर आपल्याकडं दर्ग्याच्या उरुसाला यायचे की रे. उंच, पांढरा कोट. थांब, नाव अगदी ओठावर आहे..."

बायकोची बोटं की-बोर्डवर तयार. गायकानं तान घेतली, समेवर आला, आणि टेपमध्ये, मर्फीच्या पलीकडं कुठंतरी, कुकरची शिट्टी झाली. एक. पाठोपाठ दुसरी.

"थांब हं," आई म्हणाली, "गॅस बंद करून येते."

कलाकाराच्या रकान्यात उभी काडी लुकलुकत होती. मिरजेत पावलं घाईघाईनं स्वयंपाकघराकडं गेली.